'४६ डिफेन्स' : शेहेचाळीस की चार-सहा?

मेधा, शिकागो
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी १९८५च्या शिकागो बेअर्सवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघावर लेख दिला. त्यांचा '४६ डिफेन्स' हा व्यूह गाजलेला. मी 'शेहेचाळीस बचाव' लिहिलं होतं, मुद्रितशोधनात त्याचं '४-६ बचाव' झालं. संपादक म्हणतात, ४-३ आणि ३-४ असतात तसंच हे. पण ४-३ म्हणजे पुढच्या रांगेत चार लाइनमन, त्यांच्यामागे दुसऱ्या फळीत तीन लाइनबॅकर. ४६ ही मोजणीच नाही, तो बेअर्सच्या डग प्लँकच्या जर्सीचा नंबर! प्लँक सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राहणारा गडी होता, पण बचावाचे प्रशिक्षक बडी रायन त्याला पुढे आणून लाइनबॅकरसारखा खेळवायचे. शिवाय 'बचाव' हा शब्दच मला खटकतो. आठ जण चेंडूजवळ दाटी करतात, चेंडू असलेल्या संघाच्या रांगेतल्या मधल्या तिघांच्या, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्डांच्या तोंडासमोर एकेक गडी उभा, म्हणून त्यांच्यातल्या दोघांनी मिळून एकाला अडवणं जड जातं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कोण तुटून पडणार याचा पत्ता लागत नाही. याला बचाव कसं म्हणायचं?

प्रभाकर
अक्षरांत लिहा, म्हणजे कोणी चार-सहा वाचणार नाही. मात्र 'सेहेचाळीस' लिहा. हा 'श' कुठून आला?

रांगडा_कोल्हापूर
काका, तेवीस दुणे शेहेचाळीस असंच घोकलंय आम्ही. आणि मेधाताई, 'बचाव'च ठेवा. कबड्डीत कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झेप टाकतो, तरी त्याला आपण बचावच म्हणतो.

अनिकेत
नाव स्कोअरवरून पडलंय ना? सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात बेअर्स ४६-१० जिंकले.

मेधा, शिकागो
नाही हो, तो योगायोग. तो सामना जानेवारी १९८६चा, नाव त्याआधीचं. प्लँक तर १९८२नंतर बेअर्सकडे नव्हताच. त्या सामन्यात समोरच्या पेट्रियट्सना धावून जेमतेम ७ यार्ड मिळाले.

सुलभा
माझी अडचण याच्या पुढची आहे. उपशीर्षकांत (सबटायटल्समध्ये) 'निकेल डिफेन्स' आलं आणि आधीच्या अनुवादकाने 'गिलटाचा बचाव' केलंय! निकेल म्हणजे पाच सेंटांचं नाणं. एक लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतला बचावपटू) आणतात, म्हणून ते नाव. सहावा आला की पुढचं, दहा सेंटांचं नाणं, डाइम.

प्रभाकर
मग आपली नाणी काय वाईट आहेत? निकेलला चवली (दोन आणे), डाइमला पावली (चार आणे). तिथेही दुप्पट, इथेही दुप्पट. जुने शब्द पुन्हा तोंडी येतील.

सुलभा
पण पावली म्हणजे पाव रुपया, आणि क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर, नावाचा व्यूहही आहे, त्यात सात डिफेन्सिव्ह बॅक. वाचक गोंधळतील. शिवाय चवलीत पाचाचा संबंधच राहत नाही, आणि नावाचं सगळं मर्म तेच आहे.

रांगडा_कोल्हापूर
निकेल निकेलच राहू द्या. क्रिकेटमधल्या गुगलीला कोणी मराठी केलं? पोरं टीव्हीवर ऐकतात तेच बोलणार.

प्रभाकर
याच न्यायाने फलंदाज आणि यष्टिरक्षकही टाकून द्यायचे का? ते कोणीतरी घडवले म्हणूनच रुळले.

अनिकेत
आठ डिफेन्सिव्ह बॅक असले की हाफ डॉलर म्हणतात. त्याला अधेला चालेल.

प्रभाकर
अधेली! आठ आण्यांची ती अधेली. अधेला म्हणजे अर्धा पैसा.

अनिकेत
आमची आजी आठ आण्यांना अधेलाच म्हणायची.

प्रभाकर
आजी कुठल्या? विदर्भातल्या असतील तर वेगळं.