मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ का, हे अकरावीच्या पोरांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेतो. एका मुलीची गेममधली नाणी २१४७४८३६४७ वर अडकली, पुढे सरकेनात. का, ते बाकावरच्या दुसऱ्यानेच सांगितलं: ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी सर्वांत मोठी संख्या ती, २ चा ३१ वा घात वजा १. मी उत्साहात भर घातली, की ही मूळ संख्या आहे आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ते दाखवून दिलंय. झालं! "सर, कॉम्प्युटर नसताना भागून भागून बघितलं काय?"

वर्गमूळ ४६३४० च्या जरा वर. तिथपर्यंत मूळ संख्या जवळजवळ ४८००. एवढे भागाकार कोण करत बसणार? ऑयलरसुद्धा नाही.

पहिली चाळणी पोरांना पटली. समजा प हा मूळ भाजक. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागून बाकी १. फर्माच्या छोट्या प्रमेयाने (प−१) व्या घातालाही बाकी १. ३१ मूळ, म्हणून (प−१) ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणजे ६२ नेही जाणार.

दुसऱ्या चाळणीत गाडी अडलीय. ३२ व्या घाताची, म्हणजे १६ व्या घाताच्या वर्गाची, बाकी २, म्हणजे बाक्यांच्या हिशोबात २ हा पूर्ण वर्ग. म्हणून प ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरतात. हे "म्हणून" कसं समजावू? क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटीचं जड प्रमेय नको, पोरं पळून जातील.

वर्गमूळ:
सर, फळ्यावर प = २३ घ्या. २ ते २२ या अकरा सम संख्यांचा गुणाकार म्हणजे २ चा ११ वा घात गुणिले ११ फॅक्टोरियल (१ ते ११ चा गुणाकार). आता ११ च्या पुढच्या संख्यांमधून २३ वजा करा: १२ चे −११, १४ चे −९, असं २२ चे −१ पर्यंत. चिन्हं सोडली तर १ ते ११ सगळे एकेकदा हजर! उणी चिन्हं सहा, म्हणजे सम, गुणाकारात चिन्ह गेलं. फॅक्टोरियल दोन्हीकडून छाटा, २ च्या ११ व्या घाताची बाकी १. पडताळा: २०४७ = २३ × ८९.

मग प = ११ करायला लावा. उणी चिन्हं तीन येतात, २ च्या ५ व्या घाताची बाकी −१. (३२ + १ = ३३, बरोबर.)

उणी चिन्हं सम की विषम, हे प ला ८ ने भागल्यावरच्या बाकीवर ठरतं: १ किंवा ७ असेल तर सम, ३ किंवा ५ असेल तर विषम. २ हा वर्ग असेल तर फर्मामुळे २ च्या (प−१)/२ व्या घाताची बाकी +१ च यायला हवी, म्हणून ३ आणि ५ कटाप.

भडंगप्रेमी:
झकास! दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की प ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३. असे आकडे ४६३४० पर्यंत पावणेचारशेच्या आतच. त्यातले ६३ आणि २४९ मूळच नाहीत, पहिला खरा उमेदवार ३११. सर, एकेका बाकाला थोडे थोडे वाटून द्या, तासाभरात उरकेल.

धागाकर्ता:
आभार दोघांचेही. ११ चं उदाहरण आधी घेतो, मग २३. ३११ चा भागाकार त्या नाणीवालीलाच देणार.