रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

प्रेषक: निलेश
विषय: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं. कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,

यादीवर एरवी भाड्याच्या खोल्या आणि ढोलताशाच्या सरावाचे मेल असतात. त्यात हा गाडीचा घुसवतोय, चालवून घ्या. पिकअपच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर यादीचा नियम आहे. शिवाय आपण मिशिगनमध्ये राहतो, यादीवरचे निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या गाडीवाल्याचा पगार घेतात आणि मला शनिवारी नाटकाच्या तालमीला तोंड दाखवायचंय.

मागच्या हिवाळ्यात रिकॉलचं पत्र आलं, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी फुकट दुरुस्तीला परत बोलावली. कारखान्यात यंत्रकाम करताना धातूचा कीस इंजिनात राहून गेला, त्याने क्रँकची, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, बेअरिंगं खराब होऊ शकतात, असं. डीलरने गाडी २३ दिवस ठेवून इंजिन बदललं. एक डॉलर लागला नाही. मी इतका खूश होतो की सर्व्हिसवाल्यांना चकल्या नेऊन दिल्या.

त्यानंतर ४,१०० मैल झाले. गेल्या शुक्रवारी कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडून आय-७५ ने वर निघालो होतो. ग्रेलिंगच्या अलीकडे आवाज यायला लागला. डब्यात सुपारी घालून हलवल्यासारखा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा. मी रेडिओ बंद केला. सासूबाई मागून म्हणाल्या, "गाडी काहीतरी चावतेय." दोन मिनिटांत ऑइल प्रेशरचा दिवा लागला आणि ताकद गेली. सत्तरच्या वेगात, मागे कॅम्पर, उजवीकडे ट्रक. कसाबसा कडेला आलो. पिकअपला एक टो, कॅम्परला दुसरा, बिलं दोन.

आता डीलर म्हणतो, ही "नवीन केस" आहे, ऑइल बदलल्याच्या पावत्या आणा. एनएचटीएसएच्या, म्हणजे वाहनसुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या, साइटवर गाडीचा १७ आकडी व्हीआयएन (ओळख क्रमांक) टाकला, तर उत्तर येतं: दुरुस्त न झालेले रिकॉल, शून्य. सरकारदरबारी माझी गाडी ठणठणीत आहे. ती डीलरच्या अंगणात मेलेली पडलीय, एवढंच.

भांडू कुणाशी आणि कशाच्या जोरावर?

निलेश

---

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

निलेश,

सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. बाकीचं लोखंड आहे.

मी आयुष्यभर इंजिनांचीच हमाली केली, म्हणून आधी एक विचारतो. "इंजिन बदललं" म्हणजे नक्की काय बदललं? अख्खं इंजिन क्वचितच बसवतात. शॉर्ट ब्लॉक असेल तर ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच नवं येतं. लाँग ब्लॉक असेल तर वर हेडही येतात. बाकी सामान, म्हणजे तेल थंड करणारा ऑइल कूलर, टर्बोच्या नळ्या, बरेचदा ऑइल पॅनसुद्धा, जुन्या इंजिनाचं काढून नव्याला लावतात. घोडं पेंड खातं ते इथे.

क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये तेलाचा थर असतो आणि भार आला की तो काही मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घे. त्या थरापेक्षा मोठा कण आत आला की बेअरिंगच्या मऊ अस्तराला ओरखडा काढतो, कधी तिथेच रुतून बसतो. ओरखड्यातून तेलाचा दाब निसटतो, थर फाटतो, धातूला धातू लागतो. तुझी सुपारी ती हीच. इंग्रजीत रॉड नॉक म्हणतात. तो ऐकू आला की डॉक्टरला नाही, भटजीला फोन करायचा.

आता जुन्या इंजिनाची बेअरिंगं झिजायला लागली असतील तर तो चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरला. फिल्टर बराचसा अडवतो, पण थंडीत तेल घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. ऑइल कूलरच्या आत बारीक पाकळ्या असतात, तिथे हा चुरा जाऊन बसतो. धुवून तो पूर्ण निघत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच सांगायचो: बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर बदलायचा, धुवायचा नाही. जुना कूलर नव्या इंजिनाला लावलात, तर आजारी माणसाचं रक्त निरोग्याला चढवलंत.

तुझ्या गाडीत हेच झालं असं मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. पण रिकॉलच्या रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे डीलरने केलेल्या कामाच्या कागदावर, लावलेल्या भागांची यादी असते. त्यात ऑइल कूलर आहे का बघ. आणि डीलरला सांग, तेलाचा फिल्टर माझ्यासमोर कापा, आत चुरा आहे का ते दिसेल.

शिरीष

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

काकांचं तांत्रिक सगळं मान्य. पण डीलरला सरसकट झोडपू नका, मी त्या बाजूचा थोडा माणूस आहे. रिकॉलचं काम कंपनीने पाठवलेल्या सूचनापत्राप्रमाणे चालतं. त्यात कुठलं काम, कुठले भाग आणि किती तासांची मजुरी हे ठरलेलं असतं. सूचनापत्रात कूलर नसेल तर मेकॅनिकने तो बदलायचा कुणाच्या खिशातून? त्याला तर ठरलेल्या तासांत काम संपवून पुढची गाडी घ्यायचीय. चूक बऱ्याचदा कागद लिहिणाऱ्याच्या टेबलावर असते.

निलेशची गाडी बाजूला ठेवून सगळ्यांना माहीत असलेली दोन उदाहरणं देतो. टोयोटाने मे २०२४ मध्ये टुंड्रा आणि एका लेक्सस मॉडेलच्या मिळून सुमारे १,०२,००० गाड्या बोलावल्या. कारण यंत्रकामाचा कीस, उपाय इंजिन बदलणे. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ वाल्या २०२१ ते २०२४ च्या, एकट्या अमेरिकेत जवळजवळ ६,००,००० गाड्या बोलावल्या. त्यांचा उपाय वेगळा: आधी तपासणी. नापास झाली तर इंजिन दुरुस्त करा किंवा बदला. पास झाली तर ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर, तेलाचं नवं झाकण आणि मालकाच्या पुस्तिकेत घालायला एक पान. दोष प्रत्यक्षात सुमारे ३ टक्के गाड्यांत असेल, असा कंपनीने सरकारला दिलेला अंदाज होता.

ते ३ टक्के लक्षात घ्या. ९७ चांगली इंजिनं फेकून देणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही, म्हणून चाळणी लावतात. आणि चाळणी म्हटली की काही खडे तांदळात राहणारच.

निलेश, माझं ऐकशील तर इंजिन बसवून घे आणि गाडी विकून मोकळा हो.

मंदार

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

मंदार, विकून मोकळा म्हणजे तो खडा दुसऱ्याच्या ताटात. असो.

निलेश, मी वकील नाही. वकिलांच्या ऑफिसात चौदा वर्षं फायली लावतेय, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

सगळे आधी लेमन लॉ म्हणतात, म्हणजे सदोष गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा राज्याचा कायदा. मिशिगनचा कायदा १९८६ चा आहे आणि तो नव्या गाडीपुरता. दोषाची तक्रार वॉरंटीच्या काळात किंवा ताबा मिळाल्यापासून वर्षाच्या आत, यातलं जे आधी संपेल त्यात, झालेली असावी लागते. तुझ्या गाडीला तिसरं वर्ष चालू आहे ना? मग त्याच्या नादी लागून दिवस घालवू नकोस.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट रिकॉलच्या केंद्रीय कायद्यातच आहे. शीर्षक ४९, कलम ३०१२०. कंपनीने दुरुस्तीचा मार्ग निवडला आणि ती दुरुस्ती वाजवी वेळात *पुरेशी* झाली नाही, तर कंपनीने तशीच किंवा तोडीची दुसरी गाडी द्यायची, नाहीतर घसारा वजा करून किंमत परत करायची. वाजवी वेळ म्हणजे काय, तेही लिहिलंय. गाडी दुरुस्तीला आणून दिल्यापासून ६० दिवसांत पुरेशी दुरुस्ती झाली नाही, तर ती वाजवी वेळात झाली नाही असं प्रथमदर्शनी धरतात. हुरळून जाऊ नकोस. या कलमाखाली ग्राहकाला थेट कोर्टात जाता येत नाही, असंच न्यायालयांनी म्हटलंय. पण कंपनीला जाणाऱ्या पत्रात हे कलम असलं की ते पत्र ग्राहकसेवेच्या पोरीकडून उठून दुसऱ्या मजल्यावर जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोर्टाचीच वेळ आली तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यात ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीकडून वसूल होऊ शकते, म्हणून वकील अशा केसेस उभ्या करतात.

आता ते "शून्य". ती साइट एवढंच सांगते की रिकॉलचं काम केल्याची नोंद झाली. काम लागू पडलं का, हे तिला ठाऊक नसतं. ते तिला तूच कळवायचंस. एनएचटीएसएकडे मालकाची तक्रार म्हणून नोंद कर, आणि *रिकॉलनंतर* हा शब्द पहिल्या ओळीत आण. दुरुस्तीनंतरच्या तक्रारी साचल्या की ते रिकॉल क्वेरी उघडू शकतात, म्हणजे त्या रिकॉलचीच चौकशी. ह्युंदाई आणि किया यांनी इंजिनांचे रिकॉल वेळेवर केले नाहीत, म्हणून २०२० मध्ये दोघींवर मिळून २१ कोटी डॉलरचा करार लादला गेला, तो अशाच चौकशीतून.

तक्रारीत शिव्या नकोत. लोक "ही चोर कंपनी" इथून सुरुवात करतात आणि मैल लिहायला विसरतात. रिकॉलचा क्रमांक लिही, दोन आकडी साल, मग व्ही, मग तीन आकडे असा असतो. दुरुस्तीची तारीख आणि तेव्हाचे मैल, बंद पडली तेव्हाचे मैल, वेग, मागे काय जोडलं होतं, आधी दिवा लागला की आधी आवाज आला. "चालत्या गाडीची ताकद गेली" हे वाक्य हवंच, कारण त्यांना सुरक्षेशी देणंघेणं आहे, तुझ्या मनस्तापाशी नाही.

आणि रिपेअर ऑर्डर प्रत्येक वेळी माग. "काही आढळलं नाही" असं म्हणून परत पाठवलं, तरी त्याचा कागद माग. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

वैशाली

---

प्रेषक: सुनंदा
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

अरे, सगळे कलमं काय सांगताय, त्याच्या सासूबाई कशा आहेत? त्या हायवेच्या कडेला किती वेळ बसल्या?

आणि निलेश, विषय निघालाच आहे म्हणून, गणपतीच्या मखराचा ट्रेलर दरवर्षी तुझीच गाडी ओढते. यंदा काय करायचं? साउंडवाल्याचं सामानही त्यातच असतं.

सुनंदाकाकू

---

प्रेषक: निलेश
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

काकू, सासूबाई मजेत. दोन तास बसल्या, सगळा चिवडा संपवला आणि टोवाल्याला पुरणपोळी खाऊ घातली. तो अजून मेसेज करतो.

बाकीच्यांसाठी: काल डीलरकडे गेलो. रिपेअर ऑर्डर काढायला लावली. शॉर्ट ब्लॉक. गॅस्केटं, बोल्ट, फिल्टर, तेल. ऑइल कूलर यादीत नाही. सर्व्हिस मॅनेजरला विचारलं, जुना लावला का? तो म्हणाला, सूचनापत्राप्रमाणे केलं. मंदार, शब्दन् शब्द तुझा होता.

फिल्टर समोर कापा म्हटल्यावर आधी विम्याचं कारण सांगितलं, मग मेकॅनिकच म्हणाला, येऊ द्या. चांगला माणूस. त्याने डबा गोल कापला, आतला घड्यांचा कागद सोडवून एका ट्रेमध्ये पसरला आणि टॉर्च धरला. काका, मला वाटलं होतं एखाददुसरा कण दिसेल. अख्खी घडी चमकत होती, रांगोळीत चमकी टाकतात तशी. त्याने लोहचुंबक फिरवलं तर थोडंच चिकटलं, बाकी तसंच. तो मान हलवून म्हणाला, हे बेअरिंगचं अस्तर. मी फोटो काढले, त्याच्या मागे भिंतीवरचं कॅलेंडर येईल असे. ऑइल बदलल्याच्या पावत्यांबद्दल त्यानंतर कुणी विचारलं नाही.

रात्री एनएचटीएसएची तक्रार भरली, आठ आकडी क्रमांक आला. ताई, तुम्ही सांगितलं तसं कोरडं लिहिलं. कोरडं लिहायला चार मसुदे लागले. कंपनीला रजिस्टर्ड पत्र आज गेलं. त्यांचा इंजिनिअर पुढच्या गुरुवारी गाडी बघायला येतोय म्हणे. तोपर्यंत मला छोटी सेडान दिलीय, तिला हुकच नाही. त्यामुळे काकू, मखराचं अवघड आहे.

निलेश

---

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं

चुंबकाला चिकटत नाही म्हणजे तांबं, कथील, ॲल्युमिनियम असलं काहीतरी. निदान बरोबर दिसतंय. पण हा चुरा नव्या बेअरिंगचा की जुन्या कूलरमधून आलेला, हे फिल्टरवरून कळणार नाही. म्हणून गुरुवारी तू हजर राहा आणि कूलर कापायला सांग. नव्या इंजिनाची बोलणी झाली तर कूलर आणि टर्बोच्या नळ्या नव्या, हे लेखी घे, आणि त्या इंजिनावर वॉरंटी किती तेही. तेलाचा नमुना दोन बाटल्यांत मागून घे, एक त्यांची, एक तुझी.

शिरीष

---

प्रेषक: मंदार
विषय: मखराचा ट्रेलर (होता: रिकॉल झाला, इंजिन पुन्हा बसलं)

काकू, ट्रेलर मी ओढतो. माझ्याकडे हुक आहे आणि शनिवार मोकळा आहे.

मंदार

---

प्रेषक: सुनंदा
विषय: उत्तर: मखराचा ट्रेलर

देव भलं करो. पण मंदार, तुझ्या गाडीला नाही ना कुठला रिकॉल?

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: मखराचा ट्रेलर

पत्र आलंय. फ्रिजवर लावलंय. बघतो.