मदत हवी आहे: ड्रम कोअरच्या जुन्या एलपींतली टकटक काढताना ड्रमच पुसले जातायत

मंडळी, नमस्कार.

सासऱ्यांकडच्या पंधरा-वीस जुन्या एलपी मी संगणकावर उतरवून घेतेय. इथे नाट्यसंगीताच्या तबकड्या घरी उतरवलेले लोक आहेत, ढोल-ताशा पथकांचं रेकॉर्डिंग करणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

आधी अडचण सांगते. तबकड्यांवर ओरखडे आहेत, त्यामुळे टक-टक येते. ती आपोआप काढून टाकणारी सोय लावली की स्नेअर ड्रमचे ठोकेही बोथट होतात. रिमशॉट, म्हणजे काठी कडेवर आणि कातड्यावर एकाच वेळी बसते तो कडाका, तर जवळजवळ नाहीसाच होतो. आणि बिगुल जोरात चढतात तिथे आवाज फाटल्यासारखा होतो. साफ न केलेल्या मूळ फाइलमध्ये ही फाट नाही. दोन्ही लागोपाठ ऐकून, घरातल्यांना न सांगता ऐकवून खात्री केली आहे.

आता हे रेकॉर्डिंग कशाचं, ते सांगितल्याशिवाय मला काय वाचवायचंय ते तुम्हाला कळणार नाही.

ड्रम अँड बिगुल कोअर हा अमेरिकेतला संचलन करत वाजवणाऱ्या पथकांचा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी, पुढे चर्चनी आणि गावोगावच्या मंडळांनी मुलांची पथकं उभी केली. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. फक्त बिगुल, ड्रम आणि झेंडे. वयोमर्यादा एकवीस. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचं, फुटबॉलच्या मैदानावर संचलन करत वाजवायचं आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली स्पर्धा झाली, ती कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्समेननी जिंकली.

सासरे बॉस्टनजवळच्या रिव्हिअरचे. तिथल्या ट्वेंटी सेव्हन्थ लान्सर्समध्ये ते सत्तरच्या दशकात काँट्राबास, म्हणजे सर्वांत खर्जातलं, बिगुल वाजवायचे, खांद्यावर पेलून, चालत. त्या काळी या स्पर्धांच्या एलपी काढणारी फ्लीटवूड रेकॉर्ड्स ही कंपनीही रिव्हिअरचीच, त्यामुळे घरात तिच्या तबकड्या भरपूर. १९८० साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला लान्सर्स देशात दुसरे आले, तेव्हा सासऱ्यांचं वय उलटून गेलेलं होतं. तो कार्यक्रम त्यांना तबकडीवरच मिळाला. शेवटचं ‘डॅनी बॉय’ लागलं की ते आजही बोलणं थांबवतात.

आणि हा आवाज आता मैदानावर मिळत नाही, माझा खरा जीव तिथे अडकलाय. तेव्हाचे बिगुल जी स्वरातले होते. १९७७ पर्यंत त्यांना स्वर बदलायला एकच पिस्टन आणि बाजूला एक फिरती झडप एवढंच चालायचं. सगळे स्वर सगळ्यांना वाजवता येत नसत, म्हणून एकच सुरावट वेगवेगळ्या वादकांत वाटून द्यावी लागे. १९७७ ला दोन पिस्टन आले, १९९० ला तीन. २००० पासून कुठल्याही स्वरातली पितळी वाद्यं चालू लागली आणि २००४ पासून मायक्रोफोनही. आजची पथकं थक्क करणारं वाजवतात, मी दर उन्हाळ्यात जाऊन ऐकते. पण साठ-सत्तर जी बिगुल एकदम मोकळे सुटल्यावर स्टेडियमच्या सिमेंटवरून जो करकरीत आवाज परत येतो, तो फक्त या तबकड्यांवर उरलाय.

ही रेकॉर्डिंग स्पर्धा चालू असतानाची आहेत. मधेच प्रेक्षक उठून ओरडतात, पथक मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतं तसे ड्रम जवळ येतात, लांब जातात. रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंट या पथकाची पाश्चात्त्य अभिजात संगीतावरची सादरीकरणं, कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सचं जॅझ, बेयॉनच्या ब्रिजमेनना पिवळे लांब कोट बघूनच मिळालेला हशा, सगळं ऐकू येतं. मला गर्दी काढायची नाही, वाराही काढायचा नाही. फक्त ओरखडे हवेत कमी.

तर विचारायचंय ते असं. ठोका आणि टकटक यांतला फरक सॉफ्टवेअरला कसा शिकवायचा? साठच्या दशकातल्या काही तबकड्या मोनो आहेत, त्यांना वेगळी सुई लागते का? तळघरातल्या ओलीने काहींवर पांढरट बुरशी आलीय, ती कशी धुवायची? आणि एका तबकडीचं कव्हर हरवलंय, लेबल फाटलंय. ती कुठल्या वर्षाची ते कसं शोधू?

ऑगस्टमध्ये सासऱ्यांचे जुने सोबती घरी जमणार आहेत. तोपर्यंत निदान लान्सर्सच्या तबकड्या तयार व्हाव्यात, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद

मी गणपतीतल्या पथकांचं रेकॉर्डिंग करतो. ताशाच्या काडीचं अगदी हेच होतं. सॉफ्टवेअर एकदम उभी चढणारी रेघ शोधतं. ओरखडा तसाच दिसतो आणि काडीचा घावही. पितळी वाद्यांत तर प्रत्येक कंपनातच अणकुचीदार टोकं असतात, म्हणून जोरात वाजवलेलं बिगुल त्याला टकटकीची माळ वाटते. तुमची ‘फाट’ तीच.

अख्ख्या फाइलवर आपोआप काहीही लावू नका. लावायचंच तर दोन तुकड्यांमधल्या शांत जागेत. बाकी हाताने. तुम्ही काय वापरता ते लिहिलं नाहीत. ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात ‘रिपेअर’ आहे, एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतचाच, म्हणजे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाचा तुकडा दुरुस्त करतं, म्हणजे फक्त ओरखडा निवडता येतो. वेळ जातो, पण ठोका शाबूत राहतो. ओरखडा ओळखायची खूण: तो तबकडीच्या दर फेरीला परत येतो. ३३⅓ च्या वेगाला साधारण १.८ सेकंदांनी.

प्रतिसाद

मोनोसाठी: आहे त्या सुईनेच वाजवा, स्टिरिओतच उतरवा. मग डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ऐका. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असेल तर चांगली बाजू तेवढी ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करा, वरखालची घरघर बरीच कमी होते. उतरवताना २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही वर जागा सोडा. ड्रमचा एक ठोका वर आपटला की तो गेला.

बुरशी: अंगणात, तोंडाला मास्क लावून आधी कोरडी झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. लेबल भिजू देऊ नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. जुनी कागदी पाकिटं टाकून द्या, बुरशी त्यांतच असते. नळाचं पाणी नको.

कव्हर नसलेली: शेवटच्या खाचेनंतर लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात कोरलेला नंबर असतो. टॉर्च तिरका धरून वाचा आणि इथे टाका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १.८ सेकंदांची खूण लगेच लावून पाहिली. एका ब्लू डेव्हिल्सच्या तबकडीवर मी ज्याला हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) समजत होते तो ओरखडाच निघाला, आणि दुसरीकडे ज्याला ओरखडा समजत होते तो सगळे स्नेअर एकत्र पडल्याचा रिमशॉट. तो ठेवला.

पट्ट्यातला नंबर अर्धा वाचता येतोय, मधले दोन आकडे पुसट आहेत. सासऱ्यांना ती बाजू ऐकवली. एकच पिस्टनचे बिगुल आहेत, म्हणजे १९७७ च्या आधीची, असं ते पहिल्याच मिनिटात म्हणाले, पण पथक ओळखता आलं नाही. अमेरिकेतल्या कुणाकडे फ्लीटवूडच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या तबकड्या असतील, तर त्यांच्या पट्ट्यावरचे नंबर कळवाल का? माझ्या नंबरचा फोटो आज रात्री चढवते.