दहावीला अलंकारांची नावं पाठ कशासाठी करायची?

काठावरची:
लेक यंदा दहावीला आहे. परवा रात्री तिचं व्याकरण घेत होते. वहीत लिहिलेलं: 'जसा, सम, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा.' ओळ वाचायचीच नाही, फक्त हे शब्द हुडकायचे. उत्तरं बरोबर येत होती. मग आलं 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा.' खुणेचा शब्द सापडेना, म्हणून तिने दृष्टान्त लिहिलं. तेही बरोबर. पण पेन खाली ठेवून म्हणाली, "आई, मुंगी तर पायाखालीही येते. मग लहानपण बरं कसं?" काल तिने हे वर्गात विचारलं, तर उत्तर मिळालं, "हे परीक्षेला येत नाही."

माझं म्हणणं, ही नावं अभ्यासक्रमातून काढाच. ओळ द्या आणि मुलांना तिच्यावर बोलू द्या. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा द्यायला त्यांना उपमेय-उपमान, म्हणजे तुलना कशाची आणि कशाशी, हे शिकावं लागलं नाही.

निवृत्त मास्तर:
ताई, लेकीचा प्रश्न लाखमोलाचा आहे, पण तुमचा उपाय मला पटत नाही. बहिणाबाईंचा तवा रोजचा होता, चटका स्वतःच्या हाताचा होता. वाचणाऱ्याला तिथपर्यंत जायला वाट लागते, आणि ती वाट या नावांतून जाते.

उपमेत 'जसा' म्हणून कवीच जोड सांगून टाकतो. दृष्टान्तात तसा शब्द नसतो. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, एक बिंब, दुसरी प्रतिबिंब. जोडायचं काम आपलं. ती जोड कुठे बसते आणि कुठे निसटते हे तपासणं म्हणजेच दृष्टान्त शिकणं, आणि तुमच्या लेकीने नेमकं तेच केलं! आता पुढची ओळ घ्या. ऐरावत एवढं थोर रत्न, पण त्याला अंकुशाचा मार. म्हणजे मुंगी तिथे एकटी नाही, ऐरावतासमोर उभी आहे. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हाही तुकोबांचाच दृष्टान्त. तो तिला द्या आणि मग पुन्हा विचारा.

खुणेचे शब्द मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिले, मुलांचे मार्क जाऊ नयेत म्हणून. ती चूक आम्हा शिकवणाऱ्यांची. त्यासाठी अलंकारांना घालवू नका.

तिफण:
मी शेतकरी. कविता फारशा वाचत नाही, पण अलंकार रोज बातम्यांत वाचतो. सोयाबीन काढून ढीग लावला होता. त्याच रात्री आभाळ फाटलं. ताडपत्रीखाली पाणी शिरलं. चौथ्या दिवशी ढीग उपसला तर शेंगेतच कोंब आलेले, हात घातला तर आत गरम वाफ. आणि मोबाइलवर बातमी काय, 'परतीच्या पावसाची तुफान बॅटिंग.' बॅटिंग म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात. आमच्या नुकसानीला टाळ्या? किती मिलिमीटर पडला, किती गावांचं पीक भिजलं, एवढं सरळ लिहा. अलंकार नकोतच, शाळेतही आणि पेपरातही.

ओवीवेडी:
दादा, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण 'अलंकार नकोत' म्हणताना तुम्ही स्वतःच 'आभाळ फाटलं' लिहून गेलात. फाटलेल्या आभाळाला ठिगळ कुठे लावणार, ही सगळी हतबलता त्या दोन शब्दांत आहे. पावसाची बॅटिंग ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं वागायला लावणं, पण ती प्रेक्षकांत बसून केलेली. तुमचं आभाळ बांधावर उभं राहून पाहिलेलं. हा फरक मुलांना दाखवायचा, तर दोन्ही ठिकाणी बोलण्याची रीत वापरली आहे हे आधी ओळखता यायला हवं.

आणि 'शेंगेतच कोंब', 'आत गरम वाफ' हे जसंच्या तसं टिपणं, याला स्वभावोक्ती म्हणतात. जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी दंडीने ती अलंकारांत धरली. पुढे कुंतकाने हरकत घेतली की ज्याला सजवायचं तोच दागिना कसा होईल? साधं लिहिणं हाही अलंकार का, हा वाद इतका जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त ४: उपमा, रूपक, दीपक, यमक. कित्येक शतकांनंतरच्या अप्पय्य दीक्षितांपर्यंत ते शंभरावर गेले. इतकी नावं दहावीला नकोत, हे मला मान्य. मम्मट या काव्यशास्त्रकाराने तर काव्याच्या व्याख्येतच क्वचित अलंकार नसला तरी चालेल म्हटलंय.

तिफण:
आमच्याकडे 'आभाळ फाटलं' हे अलंकार म्हणून कोणी म्हणत नाही. तसंच दिसतं म्हणून म्हणतात.

ओवीवेडी:
म्हणूनच ते टिकलं, दादा. बॅटिंग तशी कोणाला दिसली नव्हती.

काठावरची:
मास्तर, नावं काढूनच टाका हे मी मागे घेते. पण नुसतं नाव लिहिलं की पूर्ण मार्क, हे मला अजूनही मान्य नाही. जोड कुठे बसते ते एका वाक्यात लिहायला लावा, त्याला मार्क द्या.

लेकीला लव्हाळ्याचं सांगितलं. तिने लव्हाळा पाहिलेलाच नाही. रविवारी ओढ्यावर घेऊन जाणार आहे. गेल्या पुरात तिथली बाभूळ आडवी झाली, ती अजून तशीच पडून आहे.