तलाव "साफ" केला म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांना

उथळपाणी
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, कुठलासा मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातला) तलाव, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये पोकलेन, आणि खाली मजकूर : "तलाव शेतीसाठी असतो, मासे-पाखरं गेली नदीत. घाण काढली, पाळ (मातीचा बांध) टकली केली, साठा डबल." वर अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

घाण म्हणजे काय हो? आधीच्या फोटोत काठाला देवधान (रानटी भात) दिसतंय, पुढे कमळं, पाण्याखाली शेवाळासारखं हलणारं पाणगवत. नंतरच्या फोटोत चारी बाजू उभ्या कापलेला खड्डा. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, पानंच नाहीत तर घालणार कुठं? मरळ मासा घ्या, गुडघाभर पाण्यात गवत बाजूला सारून अंडी सोडते, पिल्लं निघाली की लालसर ठिपक्यांचा गोळा पाण्यावर फिरतो आणि खाली आईबाप पहाऱ्याला. उभ्या काठावर हे होत नाही. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ, मागूर, शिंगी फुकट होतात. म्हणजे फुकटचं घालवलं आणि विकतचं आणलं, वर हार घालून घेतले.

गाळ काढू नका असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगतो, कारण खाली कोणीतरी तेच म्हणणार आहे. मधला काढा. काठ सोडा.

धानवाला
आले पाखरंप्रेमी. साहेब, तुमी डिसेंबरात दुर्बीण घेऊन येता, आमी सप्टेंबरात आभाळाकडं पाहून रायतो. धान निसवून रायला अन वीस दिवस पाणी नाही, तवा तलावाचा पाट सुटला तरच घरात पोतं येते. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले ते काय बदकांसाठी बांधले काय? नवेगावबांध कोलू पाटलांनी बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तवापासून पाळीवर कोणी टोपलं माती टाकली नाही. आता कुठं मशीन आली तर तुमाले काठ आठवला. अन धानाचा सरकारी बोनस, त्याच्यावर कोणी धागा काढत नाही, ते बोला आधी.

उथळपाणी
बोनसचा धागा तुम्ही काढा, मी येईन तिकडे. काठ सोडल्यानं तुमचं किती पाणी कमी होतं? उथळ भागात साठा तसाही थोडाच असतो, तुमचं पाणी मध्यात आहे. आणि शेतीसाठी बांधले हे कबूलच आहे, पण त्याच तलावावर ढिवरांनी, मासेमार समाजानं, पिढ्यानपिढ्या मासे धरले ते काय चोरून?

निवृत्त_ओव्हरसिअर
दोघंही मूळ मुद्द्यावर नाहीत. फोटो नीट बघा, पाळीवरची झाडं काढली आहेत आणि ते अगदी बरोबर केलं आहे. मातीच्या धरणावर झाड नको हा पहिला धडा. मुळं पाण्याच्या दिशेनं आत घुसतात, झाड मेलं की मूळ कुजतं, उरते नळी. त्या नळीतून पाणी माती घेऊन बाहेर यायला लागलं की त्याला आम्ही पायपिंग म्हणतो. वादळात मोठं झाड उपटलं तर पाळीचा लचका घेऊन जातं. त्यात उंदीर, साळिंदर, खेकडे यांची बिळं, आणि झुडपं असली की ती बिळं दिसत पण नाहीत. पाळीवर फक्त गवत, बाकी काही नाही. निसर्गप्रेम काठावर करा, पाळीवर नको.

बिळातला_बोका
खेकडे म्हणालात का सर? 😄 २०१९ला तिवरे धरण फुटलं तेव्हापण खेकडेच आरोपी होते ना. अजून जामीन मिळाला नसेल बिचाऱ्यांना.

निवृत्त_ओव्हरसिअर
थट्टेचा विषय नाही. खेकडा बीळ करतो ही वस्तुस्थिती आहे. आयुष्यभर पाळीवर चाललोय, तुमच्यासारखा मोबाईलवर नाही.

सह्याद्रीखालचा
थट्टा नाहीच. तिवरे ज्या चिपळूण तालुक्यात आहे, तिथलाच मी. २ जुलै २०१९ची रात्र आम्हाला कोणी सांगायची गरज नाही. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, पेपरात छापून आलंय सगळं, आणि मंत्री म्हणतात खेकड्यांनी पोखरलं. वीसएक माणसं गेली हो. लोकांनी खेकडे नेऊन आंदोलन केलं तेव्हा सगळे हसले, आम्ही नाही हसलो. तेव्हा ओव्हरसिअर साहेब, खेकड्याचं नाव काढताना जरा दमानं.

निवृत्त_ओव्हरसिअर
मी तिवऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. सर्वसाधारण नियम सांगितला.

सह्याद्रीखालचा
खेकडे कालच जन्मले का? मातीचं धरण आहे म्हणजे खेकडा येणार, उंदीर येणार, हे गृहीत धरूनच देखभाल ठेवायची असते ना? पावसाळ्याआधी कोणी पाळीवरून चालत गेलं का, बीळ बुजवलं का, एवढंच विचारायचं. ते विचारायचं नाही म्हणून खेकडा.

निवृत्त_ओव्हरसिअर
कोणी चालत जायचं? आमच्या काळात पाळीला कायमचा चौकीदार असायचा. तो रिटायर झाला, जागा भरली नाही. मी पत्रं लिहिली, उत्तर नाही. पुढच्या पावसाळ्यात सांडव्यात (जादा पाणी जायच्या वाटेत) कोणीतरी मासे अडवण्यासाठी दगड-काटे रचून ठेवले, पाणी पाळीच्या डोक्यापर्यंत आलं, रात्री कंदील घेऊन आम्ही ते उपसलं. मातीचं धरण पाण्याखालून झिजतं त्यापेक्षा वरून पाणी गेलं की जास्त लवकर जातं, तास-दोन तासात खेळ खल्लास. आणि इथं लोक मला सांगतायत दमानं.

ढिवराचा_पोर
सांडव्यात काटे ढिवरांनीच रचले असं म्हणायचंय का तुमाले? सरळ बोला ना.

निवृत्त_ओव्हरसिअर
मी "कोणीतरी" लिहिलंय.

ढिवराचा_पोर
"कोणीतरी" म्हंजे आमीच, लहानपणापासून ऐकून रायलो. आता ऐका. तलाव आमच्या मासेमार सोसायटीनं लीजवर घेतला, बीज टाकलं, अन मे महिन्यात उन्हाळी धानाले तुडुमाचं, म्हंजे पाणी सोडायच्या मोरीचं, तळातलं शेवटचं भोक उघडून दिलं. मासोळी विकायच्या आधी चिखलात मेली. तक्रार कुठं करायची? शेतकरी म्हणे पाणी आमचं, खातं म्हणे लीजमध्ये पाण्याची हमी नाही. बेशरमाची झाडं, तलाव गिळणारी ती रानटी झुडपं, आमच्या बायांनी हातानं उपटली, पाणवनस्पती लावल्या, दुसऱ्या वर्षी मरळ दिसाले लागली, बदकं उतराले लागली. अन मग आली गाळाची मशीन, सगळं खरडून ट्रॅक्टरात.

धानवाला
मरळ तर चिखलातपण जगते, हवा घेते ती. मग थोडं पाणी आमी घेतलं तर काय बिघडलं?

ढिवराचा_पोर
ओल्या चिखलात जगते भाऊ. तोच चिखल तुमी मे महिन्यात पोकलेननं उचलून वावरात टाकता. मरळीसकट.

बिळातला_बोका
हाणला 👏

तळटीप_हवीच
गाळ काढल्यानं पाणी जास्त मुरतं की कमी हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तळाची चिकण माती खरवडून खालचा मुरूम उघडा पडला तर तलाव गळणारच. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही सरकारी योजना २०१७ला आली, तेव्हा हेतू गाळाचा होता, आता मुरूमच जातोय रस्त्याच्या भरावाला आणि फोटो शिवाराचा. असो, मी फक्त सांगितलं.

उथळपाणी
@निवृत्त_ओव्हरसिअर, पाळीवर झाड नको हे नव्या धरणाला लागू. या पाळी दोन-तीनशे वर्षांच्या, रुंद, बैलांच्या खुरांनी तुडवून घट्ट झालेल्या, आणि त्यांच्यावरची जुनी झाडं आत्ता उभी कापून टाकली तर मुळं आतच कुजणार ना? म्हणजे तुमचीच नळी. त्या फोटोत बुंधे सरळ दिसतायत, जमिनीला टेकून कापलेले. हे बरोबर केलं म्हणता?

निवृत्त_ओव्हरसिअर
फोटो मोबाईलवर पाहिला होता. बुंधे ठेवले असतील तर ते चूकच. काढायचं तर मुळासकट काढून, खड्डा माती टाकून थर-थर कुटून भरायचा, तेही पाणी उतरलेलं असताना. नाहीतर मोठं झाड उभं ठेवून नजर ठेवणं परवडलं. पण रोपटी आणि बेशरम काढायलाच हवीत, त्यावर मी मागे हटणार नाही. पाळीच्या खालच्या बाजूला झिरपा दिसला तर आधी रंग बघा. स्वच्छ पाणी झिरपतंय, चालेल, पण वाढतंय का यावर नजर ठेवा. गढूळ आलं की त्याच दिवशी माणसं बोलवा.

सह्याद्रीखालचा
हे वाक्य आधी लिहिलं असतंत तर भांडण झालं नसतं. तिवऱ्यात पण लोक गळतीच दाखवत होते.

धानवाला
पाखरांबद्दल माझंपण ऐका मग. सारस पावसाळ्यात बांधीतच, म्हंजे धानाच्या वावरातच, घरटं करते, तलावात नाही. एका साली माझ्या बांधीत केलं. तेवढा तुकडा मी निंदला नाही, कापलापण नाही. कोणी पाच पैसे दिले नाही. उलट फोटोवाले आले, धान तुडवून गेले, अन वर मलाच सांगे "काका, गडबड करू नका". आता सांगा, अधिवास कोण राखून रायलं?

उथळपाणी
तुम्ही. यात वाद नाही. फोटोवाल्यांबद्दल मी काही बाजू घेणार नाही, त्यातले निम्मे मला पण नको आहेत. पण तोच सारस धान कापल्यावर जातो कुठं? तलावाच्या उथळ काठाला, कंद खायला. तुमची बांधी आणि काठ दोन्ही लागतं त्याला.

धानवाला
बरं बरं. भाषण पुरे. मध्यातला गाळ काढा अन काठाचा एक पट्टा सोडा, एवढं ग्रामसभेत बोलाले मले काही जड नाही. पण तुडुमाचं शेवटचं भोक सप्टेंबरात बंद ठेवा असं कोणी म्हणालं तर मी उठून जाईन.

ढिवराचा_पोर
सप्टेंबरचं कोण बोललं? मे महिन्याचं बोला. उन्हाळी धान लावायचा की नाही ते ठरवा, मग भोक.

धानवाला
उन्हाळी धान लावू नको म्हणणारा तू कोण रे?

ढिवराचा_पोर
लीजवाला. पावती आहे माझ्याकडं.