अझिथ्रो कधी दिलंच नाही, तरी रिपोर्टमध्ये रेझिस्टंट?

पाळणाघराची_आई: लेक तीन वर्षांची. सर्दीनंतर कान फुटला, डॉक्टरांनी पू कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) पाठवला. न्यूमोकोकस नावाचा जंतू निघाला आणि अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. तिला जन्मात अझिथ्रो दिलेलं नाही! सासूबाई म्हणतात, लॅबवाल्यांनी नमुने बदलले. खरंच?

रक्तअगार: मी लॅबवालीच, हा आरोप आमच्या पाचवीला पुजलेला :) अहो ताई, लेकीने औषध घेतलं की नाही याच्याशी संबंध नाही. जंतू आधीच तयार होऊन तिच्याकडे आलाय. लहान मुलांच्या नाकाघशात न्यूमोकोकस एरवीही त्रास न देता मुक्कामाला असतो आणि शिंका-शेंबडातून पाळणाघरभर फिरतो.

आता तो तयार कसा होतो? हा जंतू आजूबाजूच्या मेलेल्या जंतूंचा डीएनए उचलून स्वतःत जोडतो. कधी जातभाईला स्वतःच फोडून लुटतो. ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये मारलेले घातक आणि जिवंत निरुपद्रवी न्यूमोकोकस एकत्र टोचले, तर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू सापडले! पेनिसिलिनला दाद न देणारे जीनचे तुकडे तर त्याने तोंडातल्या साध्यासुध्या स्ट्रेप्टोकोकस मायटिसकडून घेतलेत.

अझिथ्रोचं प्रकरण वेगळं. अर्म-बी नावाचा जीन औषध रायबोसोमवर (जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) जिथे बसतं ती जागाच बदलतो. तो डीएनएच्या उड्या मारणाऱ्या तुकड्यावरून येतो आणि त्यावर बरेचदा टेट्रासायक्लिनविरुद्धचा जीनही असतो. म्हणजे एक औषध वापरा, दुसऱ्याचा रेझिस्टन्स फुकटात पोसला जातो. प्लेटवर आम्हाला दिसते फक्त हिरवट वाढ, अझिथ्रोच्या चकतीला पार चिकटलेली, म्हणजे औषधाने जंतू थांबलाच नाही.

काउंटरवाला: मेडिकलमध्ये बसतो. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. पण तीन गोळ्यांनी असं काय होतं?

रक्तअगार: गोळ्या तीन दिवस, पण औषध त्यानंतरही बरेच दिवस अंगात रेंगाळतं. तेवढ्यात साधे जंतू मरतात आणि अर्म-बीवाल्यांना घसा मोकळा. सर्दी व्हायरल असेल तर हे सगळं विनाकारण.

पाळणाघराची_आई: मग थोरल्याला आधीच काही द्यावं का? त्याच्याही नाकात असेलच.

रक्तअगार: अजिबात नको! ठणठणीत आहे ना? त्यापेक्षा दोघांची लसीची कार्डं काढा आणि पीसीव्हीचे (न्यूमोकोकसविरुद्धच्या लसीचे) तिन्ही डोस झालेत का बघा: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. राहिला असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि लेकीच्या रिपोर्टमध्ये पेनिसिलिनपुढे काय लिहिलंय?