स्वतःचा मिक्सर-माईक घेऊन जातो, त्याचे वेगळे पैसे कसे मागायचे? सल्ला हवाय

नवाफेडर
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली फ्रीलान्स लाइव्ह साउंड करतोय, बहुतेक वेळा एफओएच (प्रेक्षकांसाठीचा मिक्स), कधीकधी मॉनिटर (स्टेजवरच्या कलाकारांसाठीचा). सुरुवातीला हेडफोन आणि टॉर्च घेऊन जायचो, समोर जे असेल त्यावर मिक्स करायचो. मग एका ठिकाणी सगळे माईक जाळी चेपलेले निघाले, निम्मे तर आवाजच देईनात, त्यानंतर दोन एसएम५८ (गायकांचे माईक) घेतले. दोनाचे चार झाले, मग डीआय बॉक्स (गिटार-कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी), मग ड्रमचे माईक, आणि मागच्या वर्षी एक्सआर१८ (टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर) आणि त्याला वेगळा राउटर. आता दोन पेट्या गाडीत कायमच असतात.

अडचण अशी आहे की हे सगळं मी आजपर्यंत माझ्या रेटमध्येच नेत आलो. कोणी मागितलं नव्हतं, मीच नेलं, कारण त्याने माझा मिक्स चांगला व्हायचा. आता आयोजक धरूनच चालतात. मागच्या महिन्यात एकाने सरळ सांगितलं, तुम्ही सगळं आणताच ना, मग आम्ही मिक्सर भाड्याने घेत नाही. म्हणजे त्याचं भाडं वाचलं आणि माझा रेट तोच. त्याच शोला एक कंडेन्सर माईक स्टँडसकट खाली आला आणि गेला, पण भरपाई मागायला जागाच नव्हती, बिलात त्याचं नावच नाही तर मागणार कशाच्या जोरावर.

तर तुम्ही कशाकशाचे पैसे लावता, आकडा कसा काढता, आणि चार वर्षं फुकट नेल्यावर जुन्या क्लायंटला हे सांगायचं कसं? जे खरोखर करता तेच सांगा प्लीज.

केबलगुंडाळी
आजपासून बिलात दोन ओळी. एक मानधन, दुसरी उपकरण भाडं. एकत्र कधीच लिहू नको, क्लायंट कितीही जवळचा असो.

कारण सांगतो. एकच आकडा दिला की समोरचा घासाघीस करताना त्या आकड्यातून कापतो आणि ते कापलं जातं तुझ्या मेहनतीतून, कारण मिक्सर तर तू तरीही नेणारच आहेस. दोन ओळी असल्या की तू म्हणू शकतोस, ठीक आहे, बजेट कमी आहे ना, मग ड्रमचे माईक काढतो, हॉलचे वापरू. सामान कमी होतं, माणसाचा रेट तसाच राहतो. मी हे शिकायला बरीच वर्षं घालवली, तू घालवू नकोस.

आता फुकट काय न्यायचं. माझा नियम असा की जे माझ्या हातात किंवा बॅगेत राहतं ते हत्यार, त्याचे पैसे नाहीत. हेडफोन, मल्टिमीटर, केबल टेस्टर, टॉर्च, मार्कर, पांढरा टेप, शो फाइलचा (मिक्सरच्या सेटिंग्जचा) पेनड्राइव्ह, मेल-मेल फीमेल-फीमेल ॲडाप्टर, मोजणीचा माईक आणि लॅपटॉप. सुतार करवत घेऊनच येतो तसं. पण जे सिग्नलच्या वाटेत जाऊन बसतं आणि शो संपेपर्यंत तिथून हलत नाही ते भाड्याचं. मिक्सर, स्टेजबॉक्स (स्टेजवरच्या केबल जिथे लागतात ती पेटी), माईक, डीआय, वायरलेस, स्प्लिटर (एकच सिग्नल दोन मिक्सरना देणारा), इन-इअर (कलाकाराच्या कानातला मॉनिटर), केबलचं लूम म्हणजे एकत्र बांधलेला जुडगा. तो नग तिथे नसता तर कोणीतरी तो भाड्याने आणलाच असता की नाही, एवढंच स्वतःला विचार.

शून्यडीबी
+१ दोन ओळींना. मीही तेच करतो. मोजणीच्या माईकबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, मोठी सिस्टिम ट्यून करायला दोन तास आधी बोलावलं तर ते वेगळं काम आहे, त्याचे पैसे घेतो. उपकरणाचे नाही, वेळेचे.

मीटरवाचक
आकड्याबद्दल लिहितो, कारण इथे बहुतेक जण अंदाजाने बोलतात.

समज मिक्सर १०० ला घेतला. पाच वर्षं चालवलास, वर्षाला ४० शो, म्हणजे २०० शो. पाच वर्षांनी ३० ला गेला. घसारा झाला ७० भागिले २००, म्हणजे शोमागे ०.३५. हे बघून लोक म्हणतात अरे अर्धा टक्काही नाही, कशाला मागायचं. पण यात पेटी नाही, विमा नाही, दुरुस्ती नाही, चढवणं-उतरवणं नाही, गाडीतली जागा नाही, आणि ते ४० शो पैसे देणारे असतीलच असंही नाही. निम्म्याच शोला भाडं मिळालं तर तो ०.३५ लगेच ०.७ होतो. शिवाय ज्या दिवशी मिक्सर आजारी पडेल त्या दिवशी दुसरा भाड्याने आणायचे पैसे तुझेच. म्हणून भाड्याच्या धंद्यात खरेदी किमतीच्या १ ते ५ टक्के रोजचं भाडं हा ढोबळ हिशोब चालतो. मोठी, महाग आणि हळू जुनी होणारी वस्तू खालच्या टोकाला, आणि जी आपटते, हरवते, घामाने भिजते ती वरच्या टोकाला. सलग आठवडाभर सामान तिथेच राहणार असेल तर सात दिवसांचं लावत नाहीत, तीन-चार दिवसांचं लावतात.

एक अडचण येते ती छोट्या नगांची. एका एसएम५८ चे २ टक्के काढलेस तर लिहायलाही लाज वाटेल एवढा आकडा येतो, आणि वीस ओळींचं बिल बघून क्लायंट वैतागतो. म्हणून पॅकेज कर. माझी तीन आहेत: माईक-डीआय-स्टँडची पेटी, ड्रमची पेटी, आणि कंट्रोलची पेटी म्हणजे मिक्सर, राउटर, टॅबलेट. पेटीला एक आकडा. आत काय आहे त्याची यादी सिरियल नंबरसकट वेगळ्या पानावर. मोडतोड झाली की ते पान कामाला येतं.

आणि तुझ्या भागात भाड्याने देणारे त्याच सामानाला काय लावतात ते एकदा विचारून ठेव. त्यांच्यापेक्षा थोडं कमी ठीक आहे, कारण क्लायंटचा वेगळा टेम्पो वाचतो. पण निम्म्यात देऊ नकोस. उद्या तेच लोक तुला काम देणारे असतात, त्यांच्या पोटावर पाय कशाला.

मॉनिटरमागची
मी थोडं उलटं बोलणार आहे, राग मानू नका. पैसे लावायच्या आधी हे ठरवा की न्यायचं का.

मी मिक्सर नेणं बंद केलं. हॉलचा मिक्सर बंद पडला तर ती हॉलची अडचण असते आणि मी त्यातून वाट काढणारी माणूस असते. माझा बंद पडला तर सगळे माझ्याकडे बघतात. भाडं घेतलं की बॅकअपची जबाबदारीही घेतली, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. माझ्या एका शोला प्रेक्षक आत आले आणि टॅबलेटचं कनेक्शन तुटायला लागलं. छोट्या मिक्सरच्या आतलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असतं आणि शेकडो फोन खोलीत आले की तिथे गर्दी होते, रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला काहीच कळत नाही. तेव्हा नवाफेडर, तू राउटर वेगळा ठेवलास हे चांगलं केलंस, पण ५ गिगाहर्ट्झवर लाव आणि लॅपटॉप नेटवर्क केबलने जोडलेला राहू दे. भाडं मागायचं असेल तर एवढं तरी हवंच.

वायरलेसबद्दल तर जास्तच सांभाळून. कुठली फ्रीक्वेन्सी चालते हे देशागणिक वेगळं असतं आणि बदलतंही. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० मध्ये बंद झाला आणि ६०० चा बराचसा भाग जुलै २०२० मध्ये. तिथे ज्यांनी भाड्याने द्यायला जुने सेट घेऊन ठेवले होते ते त्यांच्या घरातच राहिले. शिवाय तू तुझे चार चॅनल आणलेस आणि हॉलचे सहा आधीच चालू आहेत तर नुसता मोकळा आकडा बघून भागत नाही. दोन ट्रान्समीटर मिळून तिसऱ्याच ठिकाणी गडबड करतात, पहिल्याच्या फ्रीक्वेन्सीची दुप्पट वजा दुसऱ्याची, तिथे तुझा किंवा त्यांचा माईक बसला असेल तर संपलं. वायरलेस वर्कबेंच नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दोघांचे मिळून काढा. हे काढायला वेळ लागतो आणि तो वेळ भाड्यात धरा.

मी काय नेते ते सांगते. गायकांचे माईक, चार डीआय, आणि एका बँडसाठी इन-इअर रॅक. रॅक बँडचा आहे, माझा नाही, म्हणून त्याचं भाडं मी घेत नाही. दुरुस्तीही त्यांचीच. माझं फक्त मानधन.

हॉलचा_माणूस
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी एका हॉलवर सिस्टिम सांभाळतो. बाहेरून इंजिनिअर स्वतःचा मिक्सर घेऊन आला की मला राग येत नाही, पण तो दारात आल्यावर कळलं की येतो. आधी सांगा. इनपुट लिस्ट पाठवा. तुमचा स्टेजबॉक्स कुठे बसणार, मला लेफ्ट-राइट देणार की सब (खर्जाचे स्पीकर) आणि फ्रंट फिल (पुढच्या रांगांचे स्पीकर) वेगळे देणार, लेव्हल किती, हे आधी ठरलं की दहा मिनिटांचं काम आहे. आयत्या वेळी तेच काम तासभर खातं आणि साउंडचेक मात्र बँडचा जातो.

आणि एक कळकळीने सांगतो, कोटेशन द्यायच्या आधी हॉलच्या सामानाची यादी मागा. आमच्याकडे चालू स्थितीतला ३२ चॅनलचा मिक्सर आणि माईकची पूर्ण पेटी आहे, ती हॉलच्या भाड्यातच येते. तरी लोक क्लायंटला त्याच गोष्टी परत भाड्याने लावतात. क्लायंटला नंतर कळतं, आणि मग तो सगळ्याच साउंडवाल्यांकडे त्याच नजरेने बघायला लागतो. गरज असेल तर लावा ना, कोण नाही म्हणतंय. तुमच्या बँडची शो फाइल त्याच मिक्सरवर असेल, सीन बदलत असतील, तर ते खरं कारण आहे. तसं क्लायंटला सांगा.

बारीक गोष्ट, माईकला आणि केबलच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या रंगाचा टेप लावा. एसएम५८ १९६६ पासून तसाच दिसतोय. रात्री आवराआवरीत माझा कुठला तुझा कुठला कसं ओळखणार.

केबलगुंडाळी
@मॉनिटरमागची ताई, बॅकअपचं अगदी बरोबर. स्प्लिटरचं पण लिहायला हवं होतं तुम्ही, तिथे फार घोळ होतो.

मॉनिटरमागची
हो, राहिलंच. इन-इअरला स्वतःचा मिक्सर नेत असाल तर स्प्लिटरही न्या आणि तो भाड्यात धरा. डिजिटल मिक्सर दोघांत एकच प्रीॲम्प (माईकचा सिग्नल मोठा करणारा भाग) वाटून घेतात तेव्हा एफओएचवाल्याने गेन, म्हणजे त्याची पातळी, हलवली की तो गायकाच्या कानात हलतो. कानातच. स्प्लिट असला की ज्याचा त्याचा गेन. ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर फँटम (कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्ट) फक्त डायरेक्ट बाजूने जातं, दुसऱ्या बाजूने ४८ व्होल्ट दाबून कंडेन्सर का बोलत नाही म्हणून बसू नका. फँटम कोण देणार हे आधीच बोलून घ्या. आणि घूं आवाज आला तर स्प्लिटरवर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा ग्राउंड लिफ्ट करा, म्हणजे तोडा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही, कोणीही सांगितलं तरी, काढायची नाही. गायकाचे ओठ माईकला लागलेले असतात आणि हात गिटारवर.

नवाफेडर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हातातलं आणि सिग्नलमधलं हा फरक लगेच डोक्यात बसला. दोन प्रश्न राहिले. जुन्या क्लायंटला कसं सांगू? आणि विम्याचं काय करता?

मीटरवाचक
जुन्यांसाठी मी हे केलं. पुढच्या बिलात उपकरण भाड्याची ओळ पूर्ण आकड्याने लिहिली आणि खाली तेवढीच सवलत म्हणून वजा केली. एकूण तेच, पण इतके दिवस काय फुकट मिळत होतं ते त्यांना कागदावर दिसलं. सोबत दोन वाक्यं, की अमुक महिन्यापासून ही सवलत देता येणार नाही, सामान नको असेल तर कळवा, मी हॉलच्या सामानावर तेवढ्याच मानधनात काम करेन. फोन करून सांग आणि मग लिहूनही पाठव. माझे दोन क्लायंट गेले. बाकीच्यांनी सामान घेतलं किंवा कमी केलं. त्या दोघांचं वाईट वाटलं, खोटं नाही बोलणार, एकाबरोबर खूप चांगले शो केले होते.

विम्याचं म्हणजे घराच्या विम्यात धंद्याचं सामान बसतंच असं धरू नकोस, पॉलिसी वाच. धंद्याच्या उपकरणांचा वेगळा घेतलास तरी तीन गोष्टी विचार: रात्री गाडीत ठेवलेलं सामान धरतात का, दुसऱ्याच्या हातात असताना पडलं तर काय, आणि भरपाई जुन्या किमतीने की नवीन घेण्याच्या किमतीने. सामानाचे फोटो आणि खरेदीची बिलं जपून ठेव. सामान घेऊन परदेशी शो करायची वेळ आली तर एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा कस्टमचा कागद) कर, एक वर्षापर्यंत चालतं, त्यावर प्रत्येक नग लिहिलेला असतो आणि लिहिलेला प्रत्येक नग परत यावा लागतो.

कोटेशनखाली एक ओळ टाक: प्रेक्षक, कलाकार किंवा आयोजकांच्या माणसांकडून झालेली मोडतोड आयोजक भरून देतील, नेहमीच्या वापराने खराब झालं तर माझं मी बघेन. दुसरा भाग पण लिही हां, तो असला की लोक पहिला मान्य करतात.

नवाफेडर
अपडेट देतो. त्याच आयोजकाला, मिक्सर भाड्याने न घेणाऱ्या, फोन केला. आधी गप्प बसला, मग म्हणाला लिहून पाठवा. हॉलची यादी मागवली, ड्रमचे माईक तिथे चांगले निघाले, ती पेटी मी स्वतःच काढली. माईक-डीआयची पेटी आणि कंट्रोलची पेटी ठेवली, १.५ टक्क्याने. मोडतोडीची ओळ टाकली. काल होकार आला, ॲडव्हान्ससकट. मानधनावर एक शब्दही बोलला नाही.

हॉलचा_माणूस
छान झालं. किकचा एक माईक तरी गाडीत राहू दे, यादीत असलेला माईक त्या दिवशी चालू असेलच असं नाही, मी माझ्याच हॉलबद्दल सांगतोय.

नवाफेडर
ठेवलाय दादा. कोटेशनमध्ये लिहिलंय, राखीव, वापरला तरच आकार.